पैलवान नसलेल्या जावयाची गदा

मित्रांनो, मी एक जुनी गदा आहे, आणि आधीच सांगून टाकते, मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. लोक माझं हे भलंमोठं गोल डोकं बघतात, दांड्यावरचा चंदेरी रंग बघतात आणि म्हणतात, "वा, आखाड्यातली दिसते!" कसला आखाडा न् कसलं काय! माझं जवळजवळ सगळं आयुष्य झाशीत, ओरछा गेटाजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी उभं राहण्यात गेलं. आणि खरं सांगू? मजेत गेलं.

माझा जन्म दतिया गेटाजवळच्या एका सुताराकडे झाला. तो खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या असलं घरगुती काम करायचा. एके दिवशी गोविंदराव त्याच्या दुकानात आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळकडचे, पण सारी नोकरी झाशीत झालेली, त्यामुळे बाजारात हिंदीच बोलणारे.

"एक बढ़िया-सी गदा बना दीजिए. दामाद जी के लिए."

"पहलवान हैं दामाद जी?"

"टहरौली के हैं."

"फिर तो होंगे ही!" सुतार म्हणाला आणि दोघांनी समाधानाने माना डोलावल्या.

टहरौली म्हणजे याच जिल्ह्यातलं एक छोटं शेतीवाडीचं गाव. तिथला माणूस म्हणजे मातीतला, आणि मातीतला म्हणजे कुस्तीवेडा, एवढा साधा हिशेब. तेवढ्यावर बाभळीचा एक चांगला बुंधा बाजूला निघाला. सुताराने मला तासलं, घासलं, रंगवलं. मी इतकी देखणी झाले की तो स्वतःच माझ्याकडे बघत चहा पीत बसला.

दिवाळीपर्यंत मी गोविंदरावांच्या घरी पलंगाखाली होते. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा, तिचं नुकतंच लग्न झालेलं. जावयाचा पहिला दिवाळसण. गोविंदरावांच्या पत्नी स्नेहलताबाईंनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, दिवाळसणाला लोक अंगठी देतात, घड्याळ देतात. गदा कोण देतं?"

"मनासारखं द्यावं माणसाला."

"त्यांचं मन विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? गावाकडचे आहेत!"

आता एक गंमत ऐका. गोविंदरावांना स्वतःला कुस्ती मुळीच आवडत नव्हती. पण जावयाशी चार गोष्टी बोलता याव्यात म्हणून ते रोज रात्री जेवण झालं की टीव्हीवर कुस्त्या लावायचे आणि धोबीपछाड, ढाक, निकाल अशी डावांची नावं पुटपुटत पाठ करायचे. पाठ करता करता खुर्चीतच घोरायला लागायचे. पलंगाखालून मी सगळं ऐकत होते.

दिवाळी आली. जावयाचं तेल-उटणं झालं, ओवाळून झालं आणि गोविंदरावांनी माझ्यावरची चादर ओढली. जावयाचं नाव यज्ञेश्वर. उंच, सडसडीत, झाशीतच विमा कंपनीत कारकून. टहरौलीतल्या जुन्या मराठी पुरोहितांच्या घरातला, पण घरी बुंदेलीच जास्त, त्यामुळे मराठी बोलताना अडखळायचा. त्याने मला पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "वा, बाबा! बहुत... म्हणजे, फारच सुंदर." त्याने मला उचलायला घेतलं आणि मी थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आले. डोळ्यांत टचकन पाणी! गोविंदरावांना वाटलं, जावई गहिवरले.

झालं! मी जावयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आले आणि तेव्हापासून दर सणाला काही ना काही येत राहिलं. मालिशचं तेल, भिजवायचे बदाम, लाल लंगोट, थंडाईचा मसाला. बदाम रेवाने शिऱ्यात घातले आणि लंगोट कपाटाच्या तळाशी गेला. बिचाऱ्या लंगोटाने पुन्हा कधी उजेड पाहिला नाही.

आणि यज्ञेश्वरला आवडायचं काय, माहीत आहे? बर्फावरचं स्केटिंग! मीही चकितच झाले. झाशीचा मे महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं, खिडकीत कूलर घरघरतोय आणि आमचा टहरौलीचा गडी लुंगी लावून टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. पडद्यावर पांढरं शुभ्र बर्फ, त्यावर पात्यांच्या बुटांनी कोणीतरी गिरक्या घेतंय. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्याने एकदा हे पाहिलं आणि तेव्हापासून वेडाच झाला. कोणी उडी मारली की हा श्वास धरायचा. कोणी पडलं की "अरे रे, उठ बेटा, उठ!" असं कळवळून म्हणायचा. बघून बघून मलाही नाद लागला. हवेतल्या गिरक्या मी आता डोळे मिटून ओळखते. गदेला डोळे कुठले, असं विचारू नका, मी चिडते.

घरी येणारा प्रत्येक जण मात्र मला बघायचा आणि म्हणायचा, "अच्छा, पहलवानी का शौक है भाईसाहब को! टहरौली के जो ठहरे." यज्ञेश्वर नुसतं "जी" म्हणायचा. माझ्या डोक्यावरून कौतुकाचा हात फिरायचा. पाहुणे गेले की रेवा माझ्या गळ्यात कांद्याची पिशवी अडकवायची. राग यायचा सुरुवातीला, पण कांद्यांशीही माझं जमलं.

रविवारी सकाळी मात्र गोविंदरावांचा फोन ठरलेला. "काय यज्ञेश्वरराव, परवाची कुस्ती बघितलीत का? काय ढाक मारली हो त्याने!" तिकडे गोविंदराव पाठ केलेलं बोलत, इकडे यज्ञेश्वर सकाळी मोबाइलवर वाचून ठेवलेलं बोलत असे. दोघांनाही कुस्तीत काडीचा रस नाही आणि बोलणं मात्र तासभर! रेवा ऐकून ऐकून वैतागायची.

"एकदाचं सांगून टाका ना बाबांना. किती दिवस हे नाटक?"

यज्ञेश्वर जे म्हणाला ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "सांगितलं आणि फोन बंद झाला तर? रेवा, मी चार वर्षांचा होतो तेव्हा माझे वडील गेले. रविवारी सकाळी मला बापाचा फोन येतो, तो हा एकच. कुस्तीचा तर कुस्तीचा."

त्यानंतर रेवाने तो विषय काढला नाही. मलाही तेव्हा फार वाईट वाटलं.

मागच्या नागपंचमीला गोष्ट चिघळली. ओरछा गेटाबाहेरच्या आखाड्यात कुस्त्यांची दंगल होती आणि गोविंदरावांनी तिथल्या उस्तादांना अभिमानाने सांगून ठेवलं होतं की, माझे जावई टहरौलीचे, कुस्तीचे मोठे शौकीन. मग काय, जावई प्रमुख पाहुणे! मला तेल लावून, पुसून, रिक्षातून नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आखाडा बघितला. लाल माती, ढोल, घामाचा वास आणि गर्दी तर इतकी की भिंतीवरसुद्धा माणसं बसलेली. पहिल्या रांगेत गोविंदराव नवा कुर्ता घालून छाती काढून बसले होते.

यज्ञेश्वरने कपाळाला माती लावली, दोन पैलवानांचे हात मिळवून दिले. इथवर ठीक होतं. पण माइकवाल्याच्या अंगात उत्साह संचारला.

"भाइयो, दामाद जी टहरौली की मिट्टी के हैं! एक जोड़ इनका भी हो जाए!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मान खांद्यांतच रुतलेला एक धिप्पाड पैलवान हात जोडून हसत पुढे आला. यज्ञेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांच्या त्या अभिमानी चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मित्रांनो, तो शर्टाची बटणं काढायला लागला! सासऱ्यांची मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस स्वतःची मान मोडून घ्यायला निघाला होता. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला ओरडता येतं थोडंच?

एक बटण काही केल्या निघेना. गोविंदरावांनी ते पाहिलं. ते उठले, तेवढ्या घाईतही चपला काढून आखाड्यात आले आणि त्याचा हात धरला. माइक चालूच होता.

"यज्ञेश्वरराव, खरं सांगा. तुम्हाला कुस्ती आवडते का हो?"

यज्ञेश्वरने बटणावरचा हात काढला.

"नाही, बाबा. कधीच नाही."

"मग ही गदा?"

"तुम्ही दिली म्हणून."

"आणि आवडतं काय?"

"बर्फावरचं स्केटिंग," यज्ञेश्वर पुटपुटला. माइकवाल्याने लगेच ओरडून सांगितलं, "बरफ पे नाचने वाला खेल, भाइयो!" सगळा आखाडा खो खो हसला. तो धिप्पाड पैलवान मात्र हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "भैया, हमें सोई दिखइयो कभऊँ." त्यालाही बघायचं होतं! त्याचे ते दंड बघून त्याला आजवर कोणी दुसरं काही दाखवलंच नसावं.

गोविंदराव त्या हसण्यात नव्हते. त्यांनी यज्ञेश्वरचं वरचं बटण लावून दिलं, चपला घातल्या आणि न बोलता घरी निघून गेले.

पुढचे काही दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. रविवार उजाडला. यज्ञेश्वर आंघोळ करून फोनसमोर बसला. चहा आला, निवला. रेवा आत-बाहेर करत होती. फोन वाजला नाही. त्याच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना. लहान पोराला जत्रेत विसरून यावं, तसा दिसत होता तो.

मग दाराची बेल वाजली. दारात गोविंदराव, तीन जिने चढून धापा टाकत. मागे स्नेहलताबाई.

"फोनवर काय बोलायचं ते सुचेना," गोविंदराव म्हणाले. "कुस्तीशिवाय आपण कधी बोललोच नाही हो. म्हणून म्हटलं, समोरच जावं." मग खुर्चीत बसून जरा रागानेच म्हणाले, "मलाही आवडत नाही कुस्ती! तुमच्यासाठी पाठ करत होतो."

स्नेहलताबाई म्हणाल्या, "घ्या! मी पहिल्या दिवशी सांगत होते, विचारा म्हणून." आणि रेवा तोंडाला पदर... नाही, ओढणी लावून हसत सुटली.

मग टीव्ही लागला. गोविंदरावांनी बर्फावरच्या गिरक्या बघितल्या, "पडेल हो ती, पडेल!" म्हणत खुर्चीचे हात घट्ट धरले. मग यज्ञेश्वरने विचारलं, "आणि बाबा, तुम्हाला काय आवडतं?"

गोविंदराव विचारात पडले. "मला असं कोणी विचारलं नाही बुवा. इथे सगळे म्हणायचे, आप मराठी हैं, लेझीम तो आती ही होगी. म्हणून दर गणपतीत गुडघे दुखेपर्यंत लेझीम खेळलो." मग लाजत म्हणाले, "मला ना, पोहायला शिकायचं होतं. राहूनच गेलं." आणि अगदी जपून विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का? तुम्ही गावाकडचे म्हणून मी धरून चालत नाहीये हं. विचारतोय."

"येतं ना बाबा! गावच्या विहिरीतच शिकलो."

घरात एवढा हशा पिकला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारत आलं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, वाळवीपासून दूर ठेवा, बस्स, लाकडाला आणखी काय लागतं! माणसाला मात्र याहून थोडं जास्त लागतं. त्याचं गाव, त्याची भाषा, त्याचे दंड बघून त्याची आवड ठरवू नका. प्रेम असेल तर अजिबातच ठरवू नका, कारण प्रेमाने दिलेलं कोणाला परत करता येत नाही. जवळ बसा आणि विचारा.

आता रविवारी फोन येत नाही. गोविंदराव स्वतःच येतात. दोघे सकाळी तरणतलावावर पोहायला जातात. गोविंदराव म्हणे अजून कडेचा गज सोडत नाहीत, आणि जावई शेजारी उभा राहून म्हणतो, "सोडा बाबा, मी धरलंय." परत आल्यावर दोघांचे ओले टॉवेल माझ्यावर वाळत पडतात. माझा रंग पार उडाला आहे, पण माझी काही तक्रार नाही.