पातळ करून द्या

"पाच किलो नऊशे," मी म्हणाले. "गेल्या गुरुवारी पाच नऊशे, त्याच्या आधीच्या गुरुवारीही पाच नऊशे. अगं, काटा बिघडलाय की तू?"

काट्याच्या झोळीतल्या नऊ महिन्यांच्या पोरीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची आई मान खाली घालून उभी होती. घरी बसून सदऱ्यांना बटणं लावते, म्हणून आमच्या दवाखान्यात तिला सगळे बटणवालीच म्हणतात.

"सिस्टर, तुम्ही सांगितलं तस्संच देते. दिवसातून सहा वेळा. अंगावरही पाजते."

"मग जातं कुठं ते सगळं?"

"काय माहीत. अंगी लागतच नाही."

हे 'अंगी लागत नाही' मी अठरा वर्षं ऐकतेय. मला वाटायचं, आया थापा मारतात. माझी जीभ तिखट आहे, आणि मला त्याची लाजही वाटत नसे. डॉक्टरांनी मात्र त्या दिवशी सांगून टाकलं, पुढच्या गुरुवारी काटा हलला नाही तर पोरीला मोठ्या दवाखान्यात भरती करायचं, नळीने भरवायचं. चिठ्ठीही लिहून ठेवली. बटणवालीच्या तोंडचं पाणीच पळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता तिच्या घरी गेले. खोटं पकडायलाच गेले, कबूल करते.

एकच खोली. खिडकीशी सदऱ्यांचा ढीग, बशीत पांढरी बटणं, भिंतीवर खडूने ओढलेल्या सहा रेघा. एकदा भरवलं की एक रेघ पुसायची. तीन पुसलेल्या होत्या. सासू दाराशी बसलेली, चांगली गुटगुटीत. चुलीवर डाळ, तांदूळ, गाजर आणि मूठभर पालक एकत्र शिजून अगदी लोणी झालेलं. वास असा की मलाच भूक लागली. मनात म्हटलं, बाई तर हुशार आहे, मग घोडं अडतंय कुठं?

तेवढ्यात तिने वाटीवर स्वच्छ फडकं पसरलं, सगळं त्यात ओतलं, पुरचुंडी बांधली आणि दोन्ही हातांनी पिळली. खाली पिवळसर पाणी जमलं. त्यावर फुंकर घालत ती लेकीकडे निघाली.

"अगं अगं, हे काय?"

"पातळ करतेय. तुम्हीच नाही का सांगितलंत, डाळ-भात पातळ करून द्या? एक कण जाऊ देत नाही, सिस्टर. दोनदा गाळते."

"आणि फडक्यातलं?"

"ते मी खाते," सासू हसून म्हणाली. "अन्न टाकवत नाही ना. आणि खरं सांगू? मानवलंय मला."

बाळसं धरायचं नातीने, धरलं होतं आजीने! मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. ही पोरगी खोटं बोलतच नव्हती. तिने माझा शब्द जीव लावून पाळला होता. बाहेर रांग मोठी असायची, म्हणून मी उरकून टाकायचे: पातळ करून द्या, चला, पुढची.

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हणाले. "माझं चुकलं."

पुरचुंडी सोडली. आतला गोळा वाटीत घेतला, चमच्याच्या पाठीने घोटला, थोडं तेल घातलं. "यात जरा तुझं दूध पीळ," मी तिला सांगितलं.

"एवढं घट्ट? घशात बसेल की!"

"काही बसत नाही. मऊ आहे. बघ तर."

पहिला चमचा पोरीने थुंकला. दुसराही. तिसरा तोंडात ठेवून ती थांबली, डोळे मोठे झाले. मग गिळलं, आणि सगळं अंग पुढे टाकून माझं मनगट धरलं. काय ती पकड! आणि खाताना गळ्यातून बारीक आवाज काढायला लागली, गुणगुणल्यासारखा. आम्ही तिघी बायका श्वास रोखून बघत होतो. हजारो पोरं मी झोळीत घातली, पण एखादं पोर जेवताना बसून कधी पाहिलंच नव्हतं. डाळ, तांदूळ, गाजर! कुणाच्याही घरात पडलेल्या या वस्तू, आणि त्यांतून हाडं होतात, गाल होतात, उद्या धावणारे पाय होतात. माझ्या अंगावर खरंच शहारा आला.

सासू रडायला लागली. "पोरीच्या तोंडचा घास मी खाल्ला गं."

"आजी, रडायचं नंतर. सकाळपासून सून काय जेवली?"

 "चहा घेतला," बटणवाली पुटपुटली.

म्हातारी उठली. दोन अंडी उकडली, भात आणि पालक वाढला, ताट सुनेसमोर ठेवलं आणि संपेपर्यंत हलली नाही. मग मला विचारलं, "पोरीला दुधाच्या पावडरचा डबा आणायचा का हो?"

"डबा नको. घरात आहे तेच, फक्त गाळू नका. आणि आई उपाशी नको."

गुरुवारी काटा सहा किलो शंभरवर थांबला. डॉक्टरांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वजन केलं आणि भरतीची चिठ्ठी फाडली. बटणवाली लेकीला छातीशी धरून हुंदके देत म्हणाली, "सिस्टर, तुमच्यामुळे झालं."

ते मला ऐकवेना. मी रांगेकडे तोंड केलं. "बायांनो, ऐका. अठरा वर्षं मी 'पातळ करून द्या' सांगत आले. ते चुकलं. गाळायचं नाही. मऊ घोटायचं, घट्टच द्यायचं."

रांगेत तिसऱ्या नंबरला एक बाई होती, नातवाला घेऊन आलेली. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या धाकट्या लेकीच्या वेळी तुमचंच ऐकून मी गाळून देत होते. तीही पाच किलोंवर थांबली होती. वर्षाची झालीच नाही."

कशाने गेली कोण जाणे, असं मला म्हणता आलं असतं. माझी तिखट जीभ हललीच नाही.  बाई पुढे आली आणि नातू माझ्या हातांत दिला.

"परवा सहा महिने पुरे झाले याला," ती म्हणाली. "आता मला नीट सांगा."

आणि समोरच्या स्टुलावर ऐकायला बसली.