टेप ओढतीया

गाणं कसं वाटलं, असं कोल्हापुरात कुणाला विचारू नये. विचारलं की माणूस चहा मागवतो, मांडी ठोकून बसतो आणि गाणं सोडून बाकी सगळं सांगतो. हे शहाणपण मला २००३ साली आलं, आणि आलं ते दातओठ खातच.

आमचा बँड तीन माणसांचा. थोरला भाऊ संघर्ष, म्हणजे आमचा दादा, हलगी वाजवायचा आणि गायचा. त्याचा मित्र अझहर गिटारवर. आणि मी, दीक्षा, बेस गिटारवर. बेस वाजवणारी बाई आमच्या गडमुडशिंगी गावानं त्याआधी पाहिलेली नव्हती. "चारच तारा? बाकीच्या तुटल्या व्हय?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आजही कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही, नुसती बघते.

अझहरच्या मेहुण्यानं दुबईहून रेगे नावाच्या परदेशी संगीताच्या कॅसेटी आणल्या होत्या. त्या ऐकून आम्ही तिघंही येडे झालो. संथ चाल, मधे भरपूर मोकळी जागा आणि त्या जागेत बेस. गाणं पिळवणुकीबद्दल बोलतं, पण ओरडत नाही, पाय रोवून उभं राहून बोलतं. आम्ही त्यात आमचं घातलं. विहारात म्हटलेली भीमगीतं, अझहरच्या घरची कव्वाली, दादाची हलगी. आणि शेवटचं गाणं आईच्या आवाजातलं, ओवीच्या चालीवर. त्याच गाण्यावरून अल्बमचं नाव ठेवलं, 'तिसरी पाळी'.

आईच्या गाण्याबद्दल आधी सांगते, कारण बाकीचा सगळा तमाशा त्याच्यापायी झाला.

माझे वडील अण्णासो एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर होते. शहाण्णव साली तिसऱ्या पाळीत लेडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, कलंडलं आणि लोखंडाचा रस त्यांच्या अंगावर सांडला. ते तिथंच पडलेले असताना भट्टी चालूच होती. रस गार होईल म्हणून राहिलेले साचे आधी भरून घेतले, मग माणसाला उचललं. हे त्यांच्याबरोबरच्यांनी आईला सांगितलं, हळू आवाजात, इकडंतिकडं बघत. आई, सरुबाई तिचं नाव, मालकाला भेटायला फौंड्रीच्या गेटवर जायची. मालक गणपतराव. त्यांची गाडी आत जायची, बाहेर यायची. काच खाली झाली नाही. आईला काही मागायचं नव्हतं. भट्टी थांबवली नाही, एवढं एक वाक्य तिला त्या माणसाच्या तोंडावर म्हणायचं होतं. वॉचमन तिला म्हणायचा, "मावशी, सायब मीटिंगात हाय." वर्षभर मीटिंग!

मग ते वाक्य ती घरात गुणगुणायला लागली. भाकरी थापताना, भांडी घासताना. दादा म्हणाला, आई, हे रेकॉर्ड करू. ती नको नको म्हणाली आणि मग एका दिवशी म्हणाली, "करा. फिरत फिरत कवा तरी त्येच्या कानावर जाईल." अल्बम आम्हाला कशासाठीही हवा असो, आईला तो एवढ्यासाठीच हवा होता.

*तिसऱ्या गं पाळीला, भट्टीला लाल जाळ*
*रस सांडला लोखंडाचा, माझ्या धन्याचा झाला काळ*
*पडला मानूस तरी, भट्टी थांबली न्हाई*
*मालक बंगल्यात, त्याला जाग आली न्हाई*

स्टुडिओत तिनं डोळे मिटून एका दमात म्हटलं. मी बेसवर एक सूर धरून ठेवला होता, तोसुद्धा सोडवेना.

आता मतं ऐका.

अझहरनं घरी काही कॅसेटी भरल्या आणि आम्ही त्या ओळखीच्यांना ऐकायला दिल्या. विहारातले एक गुरुजी म्हणाले, बाबासाहेबांच्या गाण्याला हे परदेशी थेर कशाला? अझहरच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, कव्वालीत टाळी भलत्याच जागी पडते, तौबा करा. कॉलेजातल्या एका सरांनी, ज्यांनी आयुष्यात दोनच रेगेच्या कॅसेटी ऐकल्या होत्या आणि त्याही आमच्याकडूनच नेलेल्या, सांगितलं की हे शुद्ध रेगे नव्हे. तालमीतल्या एकानं विचारलं, "रेगे म्हंजे कोकणातलं का?" आईच्या आवाजाबद्दल तर सगळ्यांचं एकमत. जाड आहे, म्हातारा आहे, एखादी बारीक आवाजाची पोरगी घ्या. माझ्यासमोर म्हणायचे, मी त्या बाईची मुलगी आहे हे माहीत असून!

पण या सगळ्यांच्या वरताण एक मत होतं आणि ते प्रत्येकानं दिलं. "टेप ओढतीया."

ज्यांनी टेपरेकॉर्डर वापरलाय त्यांना हे सांगायला नको. पट्टा सैल झाला की आवाज जड होतो, गाणं रेंगाळतं, त्याला आमच्याकडं टेप ओढते म्हणतात. आमची चाल मुळातच संथ, तिच्यात बेस, त्यावर आईचा जाड आवाज. कोल्हापूरच्या कानाला ते गाणं वाटलंच नाही, बिघाड वाटला. शिवाजी पेठेतल्या एका सलूनवाल्यानं आफ्टरशेव्हनं टेपचं हेड पुसून पाहिलं. एका रिक्षावाल्यानं डेक खोलला आणि तो पुन्हा जोडता येईना म्हणून माझ्याशी भांडायला आला. "तुमच्या कॅसेटीनं माझा टेप मारला!" मी म्हटलं, "काका, ती चालच तशी हाय." तो म्हणाला, "मग चाल दुरुस्त करा की!"

आता खरा घोळ. कॅसेटी विकायला काढायच्या ठरल्यावर मास्टर, म्हणजे मूळ कॅसेट, आम्ही अल्लाउद्दीनचाचांकडं दिली. ते अझहरचे लांबचे काका. लग्नाच्या, उरुसाच्या कॅसेटी भरून देण्याचं त्यांचं दुकान. माणूस देवासारखा. त्यांनी आमची मास्टर लावली, दोन मिनिटं ऐकली आणि त्यांचा जीव कळवळला. पोरांनी एवढी मेहनत केली आणि रेकॉर्डिंगवाल्यानं ओढणाऱ्या मशीनवर भरून दिलं! त्यांनी डेक उघडला, मोटरच्या बुडात वेग बदलायचा बारका स्क्रू असतो तो फिरवला, आणि त्यांच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत वेग वाढवतच राहिले. मग सगळ्या कॅसेटी त्या वेगात भरल्या.

आम्ही न ऐकता वाटल्या. आपलंच गाणं पुन्हा काय ऐकायचं, हा आमचा माज.

आठवड्यात दादा घरी नाचत आला. "दीक्षे, मार्केट मारलं! पेठेत प्रत्येक रिक्षात आपणच हाय!" मी रस्त्यावर गेले. एक रिक्षा थांबली होती, तिच्यातून किरट्या आवाजात कुणीतरी चिवचिवत होतं, मागं हलगी तडतडत होती आणि चार पोरं हात वर करून उड्या मारत होती. ते आईचं गाणं होतं. शब्द एक कळत नव्हता. पोरांनी मला ओळखलं. "ताई, नाद खुळा! शेवटचं तर लई भारी. त्या बारक्या पोरीचा आवाज कुठनं आणलासा?"

मी तशीच अल्लाउद्दीनचाचांच्या दुकानात गेले. तोंडात आलं ते सगळं बोलायचं ठरवून. त्यांनी मला बघताच स्टूल पुढं केलं. "बेटा, टेप ओढत हुती. म्या नीट करून दिली. म्या केलं म्हून सांगत बसू नगंस कुणाला." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्यानं राग काढवेना. तसाच परत घेऊन आले आणि घरी दादावर काढला.

"कॅसेटी परत घ्यायच्या," मी म्हटलं.

"येडी हायस? लोकांना आवडतंय."

"काय आवडतंय? आपण केलंय ते आवडतंय का?"

"नाचत्यात की!"

"बाबांच्या मरणावर नाचत्यात, दादा!"

 तरी दादानं कॅसेटी परत घेतल्या नाहीत. आई आमच्यात बसून शेंगा फोडत होती. दादानं तिला टेप लावून दाखवली होती. ती म्हणाली, "ही कोण बाई गातीया?" आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी सांगितलं. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. "मग कुनाला काय कळनार," एवढंच म्हणाली. मला दादाला फाडून खावंसं वाटलं.

त्या मोसमात आम्ही वरातींत वाजलो, मिरवणुकांत वाजलो, फुटबॉलची मॅच जिंकल्यावर वाजलो. मतं तर काय, पूर आला. गुरुजी म्हणाले, आता कसं जमलंय. बुजुर्ग म्हणाले, टाळी बरोबर पडली. सर म्हणाले, आता खरं रेगे वाटतंय! मी त्या दिवशी सरांना रस्त्यात उभं करून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डिसेंबरात दादा एक सुपारी घेऊन आला. मोठ्या घरचं लग्न, संध्याकाळी स्वागत समारंभ, स्टेजवर आपला बँड प्रत्यक्ष पाहिजे, 'ती बारकी पोरगी' गायला पाहिजेच. पत्रिका माझ्या हातात देताना त्यानं मान खाली घातली होती. निमंत्रक गणपतराव. त्यांच्या पोराचं लग्न.

"थुंकते मी असल्या सुपारीवर," मी म्हटलं.

"मी बी न्हाईच सांगनार हाय," दादा म्हणाला. "फक्त दाखवायला आणली."

आई आतून पदर खोचत आली. "कुणी न्हाई सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "आपण जायचं. आनि म्या जशी म्हनती तशी म्हननार."

कार्यालयाच्या पटांगणात मंडप, कारंजं, फेटे. आम्ही स्टेजमागं तारा जोडत होतो तेव्हा साऊंडवाल्यानं आमचीच कॅसेट लावली. शेवटचं गाणं. सगळी मंडळी नाचायला उतरली. मधोमध गणपतराव, गुलाबी फेटा, दोन्ही हात वर, त्या गाण्यावर गोल गोल फिरत होते. माझ्या बापाच्या मरणाच्या ओळीवर त्यांनी शिट्टी मारली. अझहरनं माझं मनगट धरलं, नाहीतर मी बेस घेऊन खाली उतरले असते. आई पडद्याच्या फटीतून बघत होती. सात वर्षांत ती त्या माणसाला पहिल्यांदाच पुरतं बघत होती.

मग आमचं नाव पुकारलं. काठपदराच्या साडीतली, जाड्याभरड्या हाताची बाई माइकसमोर आल्यावर खाली हशा पिकला. "पोरगी कुठाय?" कुणीतरी ओरडलं.

मी सूर धरला. दादानं हलगीवर संथ ठेका दिला, आम्ही मुळात केला होता तो. आईनं डोळे मिटले नाहीत. तिनं पहिल्या रांगेतल्या सोफ्याकडं बघत सुरुवात केली. नाचायला उभे राहिलेले पाय हवेतच घोटाळले. मागून आवाज आला, "टेप ओढतीया!" आम्ही समोर उभं राहून वाजवत असताना! लोक हसले. आई थांबली नाही. तिसऱ्या ओळीला हसू कमी झालं, चौथ्या ओळीला मंडपात फक्त भांड्यांचे आवाज राहिले. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. फौंड्रीतली माणसंही पंगतीला होती, ती ताटात बघत बसली.

गाणं संपलं. गणपतराव सोफ्यावरून उठले, फेटा सावरत स्टेजजवळ आले. मी बेसची तार दाबून धरली. वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. शिवी देईल, हाकलून देईल, रडेल, काहीही.

"बाई, आवाज बरा हाय तुमचा," ते म्हणाले. "पर शुभकार्यात असलं रडगाणं कशाला? मगाशी नाचलो ते म्हना की. फास्टातलं."

त्यांना काही लागलंच नव्हतं. त्यांनीही नुसतं मत दिलं होतं.

आई माइकपासून हलली नाही. "मगाशी नाचलासा ते बी हेच हुतं," ती म्हणाली. "अण्णासोची बायकू म्या. गेटावर उभी असायची ती. भट्टी थांबिवली न्हाईसा."

कर्ण्यांतून हे वाक्य पार रस्त्यापर्यंत गेलं. गणपतरावांचा हात फेट्यावर होता तसाच राहिला. मग ते साऊंडवाल्याकडं वळून ओरडले, "बंद कर रे!"

आईनं माझ्याकडं बघितलं. "दीक्षा, पहिल्यापासनं घे."

मी तार छेडली तोवर साऊंडवाल्यानं वीज तोडली होती. बेस मुका, अझहरची गिटार मुकी, माइक मेला. दादानं हलगी उचलली आणि तोच संथ ठेका धरला. आईनं बिनमाइकचं, पहिल्यापासनं, एकही शब्द न गाळता म्हटलं. पंगतीतून फौंड्रीतला एकजण उठून स्टेजपुढं येऊन उभा राहिला, मग दुसरा, मग बाकीचे, हात उष्टे तसेच. गणपतरावांना बाहेर जायला वाट राहिली नाही. त्यांना पूर्ण ऐकावं लागलं.