वरची माती

१९९३ साली वाटणी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या होत्या. थोरल्या दादाभाऊला ओढ्यालगतचं भाताचं खाचर आलं आणि धाकट्या हौशीरामला त्याच्यावरचं उताराचं रान. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत ही जमीन. तेव्हा कोणी कुरकुर केली नाही. वरच्या रानात नाचणी-वरई चांगली व्हायची. हौशीरामची बायको लंकाबाई शेळी बांधायला खुंटी ठोकायची, तर ती हातभर आत जायची.

दोन वर्षांनी वरच्या अंगाची झाडी तुटली. कोळशासाठी तोडली म्हणतात. त्यानंतरचे पावसाळे वेगळे झाले. पाणी डोंगरावर थांबेना. लाल गढूळ होऊन खाली धावायचं आणि हौशीरामच्या रानातली माती घेऊन दादाभाऊच्या खाचरात उतरायचं. पाचसहा वर्षांत नांगराचा फाळ खडकाला घासायला लागला. खुंटी चार बोटं गेली की टणकन आवाज यायचा. खाली मात्र खाचर गुडघाभर फुगलं. दादाभाऊचा भात कमरेला लागायला लागला.

पहिली काही वर्षं हौशीराम आणि लंकाबाई उन्हाळ्यात पाट्या घेऊन खाली जायचे. खाचराच्या कोपऱ्यात साचलेली माती भरायची, डोक्यावर घेऊन चढ चढायचा, खडकावर पसरायची आणि पुन्हा उतरायचं. दिवसाला तीस-चाळीस खेपा व्हायच्या. लंकाबाईच्या डोक्याच्या मधोमध केस विरळ झाले.

एका उन्हाळ्यात ते खाली गेले, तर दादाभाऊनं तो कोपरा सारखा करून तिथं नवा वाफा पाडला होता.

"दादा, माती न्यायला आलोय," हौशीराम म्हणाला.

"कसली माती? माझ्या खाचरात पडलीय ती."

"माझ्या रानातून आलीय."

"मी आणाया गेलो व्हतो का? पाण्यानं आणून टाकली. उद्या माझी ओढ्यातनं धरणात गेली, तर मी तिथं उतरून मागायची का?"

दादाभाऊची बायको साळुबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "अवो, दोन पाट्या नेल्यानं काय हुतंय?" दादाभाऊनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

हौशीराम घोडेगावला गेला. तहसील कचेरीत दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला कारकुनानं सातबारा पाहिला. "क्षेत्र कमी झालंय का तुमचं?"

"न्हाई साहेब. क्षेत्र हाय तेवढंच हाय. माती गेलीय."

"मातीचा रकाना नाही यात," कारकून म्हणाला. त्यानं कागद परत दिला.

त्या दिवसापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दोघी जावा मात्र ओढ्यावर भेटायच्या.

दोघांच्या हद्दीवर दगडी बांध होता, पुरुषभर उंचीचा. तो वरच्या वाट्यातला, म्हणून हौशीराम दर उन्हाळ्यात त्याचे निखळलेले दगड बसवायचा, फटीत चिपा ठोकायचा. २००५ च्या उन्हाळ्यात त्यानं हात लावला नाही.

"बांधाला पोट आलंय," लंकाबाई म्हणाली. "पावसाच्या आधी बघा एकदा."

"माझ्या रानात राखायला काय उरलंय? ज्याच्या घरात माती गेली त्यानं राखावा."

"खाली माणसं राबत्यात."

"राबू दे."

तिनं पुन्हा विषय काढला नाही. स्वतः दोन दिवस जाऊन जमतील तेवढे दगड तिनं बसवले. मोठे दगड तिला हलेनात.

जुलैच्या शेवटी पाऊस लागला तो पाच दिवस थांबलाच नाही. वरच्या उघड्या खडकावर पाणी मुरायला जागाच नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी दादाभाऊ तुंबलेल्या खाचराला वाट करून द्यायला फावडं घेऊन उतरला. लंकाबाई घराच्या पडवीतून बघत होती. बांधाचं फुगलेलं पोट हललं. तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली, पण पावसात ती दोन हातांवरही पोचली नसती. मग पोत्यातून धान्य ओतावं तसा बांध मधोमध ओतला गेला, आणि त्याच्या मागचं पाणी, मुरूम, धोंडे सगळं खाली सुटलं.

हौशीराम पळत गेला. दादाभाऊ कमरेपर्यंत दगडात रुतला होता. फावडं अजून त्याच्या हातात होतं. हौशीरामनं आणि दोघी बायकांनी हातांनी दगड उपसले. वाट वाहून गेली होती, म्हणून हौशीरामनं भावाला पाठीवर घेतलं आणि चिखलातून दीड कोस चालत डांबरी सडक गाठली. तिथून जीप मिळाली. पुण्याला नेल्यावर उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

खाचरात छातीएवढा दगडांचा ढीग पडला. त्याच्याखाली भात होता आणि दहा वर्षांत वरून आलेली माती होती.

दादाभाऊ दीड महिन्यानं घरी आला. हौशीराम भेटायला गेला, बरोबर लंकाबाई होती. दादाभाऊ खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "हौशा, बांध नीट केला व्हतास ना यंदा?"

हौशीरामनं खाली बघत म्हटलं, "केला व्हता दादा. दरसाल करतो तसाच."

"मग पाऊसच तसला पडला." दादाभाऊचे डोळे भरून आले. "तुला माती न्यू द्यायला पायजे व्हती मी. दोन पाट्यांनी माझं काय जाणार व्हतं?"

हौशीराम उठून बाहेर आला. घरी जाताना लंकाबाईनं विचारलं, "खोटं का बोललात?"

"खरं बोलून पाय येणार व्हता का?"

ती थांबली. तो पुढं चालत राहिला. तिचा आवाज मागून आला, "मग मला तरी आधी इचारायचं व्हतं. आता मलाबी त्येच बोलावं लागंल."

दगड उपसायला कोणाच्या अंगात बळ नव्हतं. दिवाळीनंतर दोघी जावा नारायणगावला टोमॅटोच्या आडतीवर माल निवडायला जाऊ लागल्या. हौशीरामनं तिथंच हमाली धरली. २००७ मध्ये दादाभाऊ गेला. कापलेल्या पायाची जखम शेवटपर्यंत धड भरली नव्हती.

साळुबाईला आडतीवर कोणी नवऱ्याबद्दल विचारलं की ती हातातलं काम थांबवायची. "आमच्या भावजींनी पाठीवर घेऊन दीड कोस नेलं त्यान्ला," ती सांगायची. "वैर व्हतं दोघा भावांचं, पन येळेला रगत धावलं. असला दीर देवानं समद्यान्ला द्यावा."

मग ती शेजारी बसलेल्या जावेकडं वळून म्हणायची, "व्हय का न्हाई गं लंका? तू तर बघत व्हतीस."

"व्हय," लंकाबाई म्हणायची, आणि पुढचं कॅरेट ओढायची.