चतुराबाईंची पंधरा मिनिटं

मखमलाबाद रस्त्याला कोंडाजीने आपल्या झेंडूच्या मळ्यातच मंगल कार्यालय बांधलं आणि तिथलं पहिलं लग्न लेकीचं, उज्वलाचं, लावायचं ठरवलं. मुहूर्त रविवारचा, पत्रिका पार ओझरपर्यंत वाटून झालेल्या. अडलं होतं ते विजेच्या दाखल्यापाशी. शुक्रवारी जेवणं उरकल्यावर तपासणीसबाई मंजुषा आल्या. चहा नको म्हणाल्या, आणि पेढ्याकडे त्यांनी असं पाहिलं की पेढाच ओशाळला.

वायरिंग पसंत पडलं. राहिली एक चाचणी. वीज वाया जाऊ नये म्हणून नियमच होता, की हॉलमध्ये कोणी नसलं तर पंधरा मिनिटांत दिवे आपोआप बंद व्हायला हवेत. त्यासाठी वायरमन गोरक्षने छताला हालचाल ओळखणाऱ्या डब्या बसवल्या होत्या. त्या इतक्या तिखट, की माशीने मिशी साफ केली तरी झुंबर पेटतं, असं तो शपथेवर सांगे.

सगळे बाहेर आले, दार लावलं. वीस मिनिटं झाली तरी काचेतून झगमगाट दिसतोच आहे. गोरक्षने डब्या पुसल्या, तारा तपासल्या, शेवटी एका डबीला हात जोडले. पुन्हा दार, पुन्हा झगमगाट. बाईंनी पेनाला टोपण लावलं तसं कोंडाजीला दिसायला लागलं, वऱ्हाड बांधावर उभं आणि नवरदेव झेंडूच्या वाफ्यात.

तेवढ्यात बाई आत गेल्या आणि त्यांनी स्टेजच्या खांबामागे डोकावलं. तिथे कोंडाजीची आई, चतुराबाई, खुर्ची टाकून दोन्ही हातांनी सूप हलवत बसली होती.

“आई, अगं हे काय चालवलंस?”

“हळद लागलेल्या घरचा दिवा एकटा सोडून विझू देत नसतात. त्याच्याजवळ माणूस लागतं. मी उठायची नाय.”

बाई म्हणाल्या, नियमात हळदीचा उल्लेख नाही. चतुराबाई म्हणाली, मग नियम लिहिणाऱ्याचं लग्न राहिलेलं दिसतंय. अर्धा तास असा गेल्यावर बाईच नमल्या.

“आजी, बसा दिव्याजवळ. डबीला माणूस कळत नाही, हालचाल कळते. फक्त पंधरा मिनिटं हलू नका.”

खुर्ची खांबापुढे आली, बाकीचे बाहेर येऊन काचेला डोळे लावून उभे राहिले, आणि कोंडाजीचा धीर सुटला. आईचे जितके फोटो काढले, तितक्यांत तिच्या जागी नुसता धूर आलेला. पण दुसऱ्याच मिनिटाला तिची हनुवटी छातीवर टेकली. दुपारच्या चार पुरणपोळ्या कामी आल्या होत्या. आता कोंडाजीला निराळाच घाम फुटला. आई घोरायची, आणि अशी की इगतपुरीच्या घाटातलं इंजिन बाजूला होऊन वाट देईल. घोरणं सुरू व्हायचं ते झोप लागल्यावर बरोबर पाव तासाने.

दहा मिनिटं. बारा. पंधरा. दिवे गेले. बाईंनी पेन टेकवलं, आणि अंधारातून असा गडगडाट उठला की खुर्ची थरथरली, सूप खाली पडलं आणि हॉलमधला एकूण एक दिवा लागला.

कोंडाजी पायरीवर मटकन बसला. बाई मात्र शांतपणे लिहीतच होत्या.

“कोणी हललं नाही की जातात, हललं की लागतात. दोन्ही एकदमच तपासून झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही ठोकली.

एवढ्यात चतुराबाई सूप काखेत घेऊन बाहेर आली.

“डोळ्यात तेल घालून बसले होते मी,” ती म्हणाली. “तुमचा दिवा काय गेला नाय.”

“नाहीच गेला, आई,” कोंडाजी म्हणाला आणि दाखला त्याने खिशात आणखी खोल सरकवला.