सोडली की काढलं

ती निळी फीत अजून खुंटीवरच होती, किल्ल्यांच्या शेजारी, टोकाला रिकामं प्लॅस्टिकचं पाकीट लोंबणारी. ओळखपत्र कंपनीनं काढून घेतलं, फीत मात्र तिच्या नवऱ्याच्या, नंदूच्या गळ्यात राहिली आणि घरी येऊन इथं लटकली. स्वतःची फीत घेताना विभावरीचं बोट रोज तिच्यात अडकायचं, रोज वाटायचं, आज ही कचऱ्यात टाकावी, आणि रोज... तेवढ्यात नंदू तिचा डबा घेऊन स्वयंपाकघरातून यायचा नि ते राहूनच जायचं.

"कोशिंबिरीत मीठ नाही घातलंय, पाणी सुटतं. तिथं घाल," तो म्हणाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. जायचं कुठंच नव्हतं.

त्या आखाती शहरातल्या मन्सूराच्या मेट्रो स्टेशनाकडे चालताना तिला त्या शर्टाचा राग येत राहिला. शर्टाचा कसला, त्याचाच. त्याच्या कंपनीनं गॅसचा प्रकल्प आवरला तेव्हा वरच्यांनी चहा पाजून सांगितलं, राजीनामा द्या, मान राहील. आणि या शहाण्यानं दिला! नाशिकला त्याच्या आईंना सांगितलं, मीच सोडली. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला विभावरीनंही तेच सांगितलं, वर हसून—कंटाळला होता गं. आपल्याकडे नोकरी सोडलेली चालते, काढलं म्हटलं की तोंड लपवावं लागतं. आता तिघांचा इथला मुक्काम तिच्या एकटीच्या नोकरीवर होता, लेकीची, नुपूरची शाळासुद्धा.

ऑफिसात ती पगार बघायची ते एका अमेरिकन कंपनीच्या माणसांचे, जी तिनं कधी पाहिली नव्हती. आज स्क्रीनवर ड्वेन नावाचा वेल्डर होता. त्याच्या राज्य सरकारनं विचारलं होतं, हा माणूस कामावरून का गेला?

तिचा साहेब कुणाल खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. "वॉलंटरी डाल दो. नहीं तो अपना रेट बढ़ेगा."

"सर, उसको तो निकाला है."

"विभावरी..." त्याचा आवाज गोड झाला. "तुम्हारा भी रिन्यूअल है ना, इसी महीने? यल्ला, चलो, मेरी मीटिंग खत्म होने तक खलास करो."

अमेरिकेतली ही रीत सुरुवातीला तिला अजब वाटली होती. प्रत्येक मालकानं आपल्या माणसांमागे राज्याच्या पेटीत वर्गणी भरायची. नोकरी गेलेल्याला त्यातून काही आठवडे मदत. जो जास्त माणसं काढतो त्याची वर्गणी जास्त. बेकारी फारच वाढली तर ठरलेले आठवडे संपल्यावरही मदत पुढे चालते, निम्मी राज्याच्या पेटीतून, निम्मी केंद्राच्या—आणि दोन्ही पेट्या भरायच्या मालकांनीच. जेवताना तिनं हे नंदूला सांगितलं होतं. "म्हणजे ज्यानं काढलं त्यानंच जेवू घालायचं? बरं आहे," एवढं म्हणून तो ताट घेऊन उठला होता. इथं हिशेब हातात ठेवतात आणि विमान दाखवतात.

ती वर्गणी वाचवायला एक शब्द पुरे होता—स्वतःहून. मग ड्वेनला ना पहिले आठवडे, ना पुढचे. हा शब्द मी बायकांमध्ये वाटला, फराळासारखा, तिच्या मनात आलं. आईंना दिला. पुन्हा एकदा लिहिला तर काय होतं... कुठला कोण वेल्डर, माझा कोण लागतो तो? पण काढलेला माणूस सकाळी दाढी कशी करतो ते मला माहीत आहे. मी नाही लिहिणार. नोकरी गेली तर जाऊ दे—नाही, जाऊ नये, देवा, जाऊ नये—पण मी नाही लिहिणार.

तिनं 'काम संपल्याने कंपनीने कमी केले' निवडलं आणि पाठवून दिलं. मग तिनं डबा उघडला, कोशिंबिरीत मीठ घातलं, आणि फोन वाजला. आई. रोज याच वेळी.

"लागली का गं दुसरी? एवढी चांगली नोकरी सोडून बसला, डोकं फिरलं होतं का त्याचं?"

लागेल, इन्शाल्ला—हे रोजचं उत्तर ओठांवर आलं आणि थांबलं. मान राहावा म्हणून सांगितलेलं खोटं, आणि आई रोज त्याला त्यावरूनच मूर्ख ठरवत होत्या. तो ऐकून घेत होता, इस्त्रीचा शर्ट घालून...

"आई, रात्री तोच बोलेल तुमच्याशी."

"बोलेल म्हणजे? काय झालं?"

"तोच बोलेल."

फोन ठेवल्यावर तिला कळलं, आपण नंदूला न विचारता शब्द देऊन बसलो. ड्वेनचं खरं तिला एका बोटानं सांगता आलं. नंदूचं सांगायला नंदूच हवा होता. ती फीत टाकायची नाही. खुंटीवरून काढून त्याच्या हातात द्यायची, आणि म्हणायचं, तुला काढलं रे, तू काही केलं नाहीस. तो चिडेल. नाहीतर नुसता ताट घेऊन उठेल, तेव्हा आपणही उठायचं, त्याच्या मागे...

मीटिंगच्या खोलीचं दार उघडलं. कुणाल तिच्याच टेबलाकडे येत होता. विभावरीनं डब्याचं झाकण लावलं, सरळ बसली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं—भीती होती, पण ती या माणसाची नव्हती, रात्रीच्या बोलण्याची होती.