बेवारस कवळ्या

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात चोरीचा संशय आला, तेव्हा कुणालाही साधा प्रश्न पडला नाही, की दुसऱ्याच्या जबड्याच्या मापाची कवळी लांबवून कुणी करणार काय? संशय एकदा पक्का झाला की असले प्रश्न आडवे येत नाहीत.

झालं असं की नव्या सर्व्हरने पहिलाच अहवाल दिला आणि त्यात बेवारस कवळ्यांची भलीमोठी यादी निघाली. कवळी तयार झाल्याची नोंद आहे, पण तिचा रुग्णच नाही. त्यातली प्रत्येक कवळी एकाच कारागिराच्या हातची. हा कारागीर म्हणजे कारखान्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांचा सख्खा मेहुणा. त्याला तिथे चिकटवला होता गृहस्थांनीच; म्हणजे त्यांच्या बायकोने.

"माल आपला, भट्टी आपली आणि गिऱ्हाइकं याची," मालकीणबाई म्हणाल्या. "या आठवड्यात छडा लावा. नाहीतर तुमच्या मेहुण्याला नारळ देते."

गृहस्थांना धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मेहुण्याने नुकतेच नवे बूट घेतले होते. फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलायचा. कुणी जवळ गेलं की समोरच्या ट्रेवर फडकं टाकायचा आणि "धूळ बसते" म्हणायचा. एरवी याला स्वतःच्या चष्म्यावरची धूळ दिसत नसे. गृहस्थांनी एकदा तो हात धुवायला गेल्यावर त्याची डब्याची पिशवी उघडून पाहिली. आत डबा निघाला. हेही त्यांना संशयास्पदच वाटलं.

घरी बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

"माझ्या भावावर पाळत ठेवता?" बायकोने विचारलं.

"पाळत नाही गं. लक्ष."

"इतकी वर्षं घरात कुणाकडे दिलं नाहीत ते."

त्यापुढची बोलणी तिने भांड्यांवर सोपवली.

दोन-तीन दिवसांनी कारखान्यात एक निवृत्त ट्रम्पेटवादक आले आणि त्यांनी नवी कवळी काढून थेट काउंटरवर ठेवली. वरच्या सुरात ती टोचत होती. काउंटरवरच्या बाईंनी डबीवरचा कोड टाकून त्यांचं नाव चुटकीसरशी काढलं. शेजारी उभ्या गृहस्थांनी तो कोड वाचला आणि ते चमकले. ही कवळी बेवारस यादीत होती.

"म्हणजे तुम्ही... आमच्याकडचेच?"

"नाव आहे, दात आहेत," वादक म्हणाले, "आणखी काय दाखवू?"

गृहस्थांनी दोन्ही तक्ते उघडले, एक रुग्णांचा, एक कवळ्यांचा. कोड तोच होता. रुग्णांकडे कॅपिटल अक्षरांत, कवळ्यांकडे स्मॉलमध्ये. यादीतल्या सगळ्यांची हीच कथा. ते तडक मेहुण्याच्या टेबलाशी गेले. मेहुण्याने डाव्या हातात ओल्या प्लास्टरचा जबडा धरला होता आणि उजव्या हातातल्या पेन्सिलीच्या बुडाने तो एकेक की दाबत होता.

"कॅपिटल का नाही टाकत तू?"

"शिफ्ट दाबायला तिसरा हात कुठून आणू? आणि कॅप्स लॉक प्लास्टर जाऊन कधीच मेलंय."

"बाकीचे हात धुऊन नोंद करतात."

"आणि धुताना मापं विसरतात. त्यांच्या कवळ्या परत येतात ना, त्या मोजा कधी."

गृहस्थ खुर्चीवर बसले, कारण आता त्यांना आठवलं. रुग्णांचा तक्ता त्यांनी जुन्या सर्व्हरवरून तिथल्या नियमासकट उचलून आणला होता; त्यात कॅपिटल आणि स्मॉल एकच. कवळ्यांचा तक्ता नवा केला, तेव्हा अक्षरं कुठल्या नियमाने लावू, असं सर्व्हरने विचारलं होतं. त्यांनी न वाचता पहिला पर्याय दाबला. तो कडक निघाला. त्याच्या लेखी दोन्ही अक्षरं वेगळी. पुढे अहवालासाठी तक्ते जोडताना सर्व्हरने नियम जुळत नसल्याची तक्रारही केली होती. कडक नियमच लावून त्यांनी ती मिटवली होती. काउंटरवर शोध फक्त रुग्णांच्या तक्त्यात व्हायचा, त्यामुळे कवळ्या बिनचूक घरी जात राहिल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही.

हे सगळं त्यांनी मेहुण्याला सांगितलं.

"वाटलंच मला," तो म्हणाला.

"काय वाटलं?"

"की तुम्हीच काहीतरी केलंय, भावोजी. ताईने मला इथे लावलं तेव्हापासून तुमचं तोंड वाकडं आहे."

"म्हणजे तू माझ्यावर संशय घेत होतास?"

"तुम्ही माझा डबा हुंगत होता. मी काय घ्यायला हवं होतं?"

दुरुस्ती आपल्यासमोर व्हावी, असा त्याने हट्टच धरला. मालकीणबाईही येऊन बसल्या. फक्त लहानमोठ्या अक्षरांनी वेगळे असे दोन कोड कुठे नाहीत ना, हे गृहस्थांनी आधी तपासलं. मग जोडणी सोडवली, कवळ्यांच्या तक्त्याला सैल नियम दिला, पुन्हा जोडणी केली. मेहुणा त्यांच्या बोटांवरून नजर हटवत नव्हता. अहवाल आला. यादी कोरी होती.

मालकीणबाई कोऱ्या पडद्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिल्या. "एकही नाही? यात काही गडबड तर नाही ना?"

"गडबड होती ती माझी," गृहस्थ म्हणाले. हे वाक्य त्यांना जड गेलं.

"ठीक आहे. तो राहील कामावर," बाई उठल्या. "तुमचं बघते."

त्या गेल्यावर गृहस्थांनी घरी सांगायला फोन काढला आणि मेहुण्यापुढे धरला. "तूच सांग ताईला. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल."

मेहुण्याने प्लास्टरने माखलेले हात वर करून दाखवले.

"मी चोर नाही हे तिला ठाऊकच आहे, भावोजी. तुमचं काय ते तुम्ही सांगा."