सहा पाकळ्यांची जास्वंद

सकाळी सातलाच शरयूचं डोकं फिरलं. सांगलीत, गोपाळकृष्णपंतांच्या बागेत, संकराच्या तीन जास्वंदींवर काल संध्याकाळी तिने एकेचाळीस फुगलेल्या कळ्या मोजल्या होत्या. आज फुलं होती पस्तीस, आणि सगळी नेहमीच्या पाच पाकळ्यांची. सहा दांड्यांची टोकं नुकती खुडल्यासारखी ओली होती.

त्रेचाळीस साली पंतांनी तांबड्या जास्वंदीचा पराग पांढरीवर घातला, त्या बियांची ही झाडं. दीड वर्ष पंतांची मदतनीस म्हणून शरयू रोज या झाडांची फुलं मोजत होती, कारण जास्वंद संध्याकाळी मिटते ती कायमची. मूळच्या तांबड्या-पांढऱ्या झाडांवर शंभरात एखादंच फूल वेडंवाकडं निघे. संकराच्या झाडांवर मात्र शंभरात चौदा! एकाच फांदीवर चार, पाच, सहा पाकळ्या. पानाची एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. दोन घरच्या चाली एकत्र आल्या की रोपाला आपली घडण धड सांभाळता येत नाही, असं तिने वहीत लिहिलं होतं. पंतांनी लिहिलेल्या पुस्तकात मात्र संकर म्हणजे आईबापांच्या बरोबर मधला, नीटनेटका.

आज पुण्याहून मधुकरराव यायचे होते. वही खरी ठरली, तर त्यांच्या प्रयोगशाळेत शरयूला जागा मिळणार होती.

ते आले, तिन्ही झाडांभोवती फिरले आणि वही चाळून म्हणाले, "इथे तर एकही वाकडं फूल दिसत नाही."

"पोरीची नजर अजून कच्ची आहे हो," पंत हसून म्हणाले. "मोजताना घाई करते."

शरयूच्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष ऊन-पाऊस न बघता राबायचं, आणि वर हे ऐकून घ्यायचं! ती तडक बागेत काम करणाऱ्या अंबूबाईकडे गेली.

"अंबूबाई, सकाळी फुलं कुणी खुडली?"

"मीच की, ताई. पंत म्हनले, पाच पाकळ्यांची न्हाईत ती तेवढी काढ. पावणं यायचं असलं की दर खेपेला ह्येच सांगत्यात."

"टाकली कुठं?"

"टाकीन कशी? देवाला चालत न्हाईत, पर गणपतीचं फूल हाय ते. टोपलीत ठेवल्यात, सांजच्याला कृष्णेत सोडणार व्हते."

शरयूने टोपली आणून झाडांजवळच्या टेबलावर पालथी केली. चार फुलं सहा पाकळ्यांची, दोन फुलं चार पाकळ्यांची.

"ही याच झाडांवरची. दांड्या जुळवून बघा."

मधुकररावांनी एक फूल उचललं, खुडलेल्या दांडीला लावलं. मग दुसरं लावलं. पंत घसा खाकरून म्हणाले, "खराब फुलं ती. ती कशाला धरायची?"

मधुकररावांनी वही पुन्हा उघडली. प्रत्येक पानावर शरयूचे आकडे, सहा पाकळ्यांचे, चार पाकळ्यांचे, आणि खाली पंतांची सही. रोज संध्याकाळी चहा घेता घेता पंत पान न वाचताच ती ठोकत असत.

"पंत, ही सही तुमचीच ना?"

पंतांनी चष्मा पुसायला घेतला.

शरयूने वही ओढून घेतली, आजचं पान काढलं आणि लिहिलं: फुलं एकेचाळीस, वाकडी सहा, सहाही पंतांच्या सांगण्यावरून खुडली. मग वही आणि टाक पंतांपुढे सरकवला.

"करा सही," ती म्हणाली. "आज वाचून करा."